दातोंग: कड्यावर चढायचं तिकीट आधी काढा

"तिकीट तिथे गेल्यावर मिळेल" असं कोणीही सांगितलं तरी ऐकू नका. उत्तर चीनमधल्या दातोंग शहरात आम्हाला हॉटेलात तेच सांगितलं, गाडीवाल्यानेही तेच. पासष्टेक किलोमीटर जाऊन कड्याला टांगल्यासारख्या दिसणाऱ्या लटकत्या मंदिरापाशी पोहोचलो, तर खिडकीतल्या बाईंनी मोबाईलवरचं भाषांतर पुढे केलं: चढायची तिकिटं संपली.

भानगड अशी की आवारात शिरायचं तिकीट वेगळं आणि कड्यावर चढायचं वेगळं, 100 युआनचं. ते वेळ ठरवून, पासपोर्टच्या नंबरावर मिळतं आणि सुट्टीच्या दिवसांत आधीच उडतं. त्यात 2024 साली आलेल्या, या भागातली मंदिरं दाखवणाऱ्या एका व्हिडिओ गेममुळे तरुण चिनी पर्यटकांची झुंबड वाढली आहे. मग काय, स्वस्तातलं तिकीट घेतलं आणि खालून माना वर करून बघत बसलो.

परतीला गाडीवाल्याने कहर केला. सकाळी अख्ख्या गाडीचं म्हणून ठरलेलं भाडं संध्याकाळी माणशी झालं! घासाघीस करून थोडं कमी झालं, पण डोकं फिरलं ते फिरलंच. "पूर्ण गाडी, जाऊन-येऊन, थांबण्यासकट" एवढं भाषांतर ॲपमध्ये लिहून आकड्यासह स्क्रीनशॉट काढा, मगच बसा.

तिकीट काढून नंतर पुन्हा गेलो. 491 साली कड्यात लाकडी तुळया रोवून उभारलेलं हे मंदिर आज जमिनीपासून साधारण 50 मीटर उंचीवर आहे, आणि एका दालनात बुद्ध, लाओत्से, कन्फ्यूशियस शेजारी शेजारी बसलेत. जिने अरुंद आणि उभे, कठडे कमरेपर्यंतही येत नाहीत, मागून रांगेचा रेटा. मधूनच मागे फिरता येत नाही. उंचीची भीती असेल तर चढूच नका, खालूनही छान दिसतं. मी मात्र वरून उतरल्यावर वेड्यासारखा हसत होतो, तेव्हा माझं मत जरा कमी धरा.

त्याच दिवशी जवळच्या यिंगश्येन गावचा लाकडी पॅगोडा उरकता येतो. 1056 सालचा, 67 मीटर उंच. वरचे मजले बंद आहेत, अर्धा तास पुरे.

युनगांग लेण्यांना मात्र अख्खा दिवस द्या. शहरापासून 16 किलोमीटर. अजिंठा-वेरूळ बघून आलेल्याला वाटतं, आता काय नवीन? पाचव्या लेण्यातला 17 मीटरचा बुद्ध समोर आला की ते वाटणं संपतं. इथला दगड बेसाल्ट नाही, वालुकाश्म, म्हणून झीजही खूप. कोळशाच्या ट्रकांची धूळ वर्षानुवर्षं बसली ती वेगळीच.

शहराची तटबंदी नवीकोरी आहे, गेल्या पंधरा-वीस वर्षांतली. फोटोपुरती ठीक. त्यापेक्षा ह्वायेन मंदिरातलं 1038 सालचं ग्रंथदालन बघा.

बीजिंगहून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आसपास लागतात. अलीपे या पैसे द्यायच्या चिनी ॲपला आपलं कार्ड घरूनच जोडून घ्या, गुगल मॅप्सवर विसंबू नका. शाकाहारी असाल तर सुरीने तासलेल्या नूडल्स मागताना "मांसाचा रस्साही नको" हे लिहूनच दाखवा. नुसतं "मांस नको" म्हटलं तर तुकडे काढून तोच वाडगा परत येतो.