धाग्याच्या पोटातला हिरवा उजेड

“रेडियम घातलंस का गं यात?” सदाशिव पेठेतल्या आमच्या घरमालकीण काकूंचा हा पहिला प्रश्न. आपल्याकडे अंधारात चमकेल ते सगळं रेडियमच. माझ्या धाग्यात टर्बियम नावाचं मूलद्रव्य आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला सेल्युलोजचा असा धागा काढायचा होता, की चमकणारे कण त्याच्या पोटातच असतील. वरून चढवलेला थर धुण्यात उतरतो, तो नको होता.

सुरुवातीला सोपी वाट धरली. अंधारात चमकणारी स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटची पूड तयार मिळते, तीच मिसळली. तिचे कण जाड, धागा ज्या सुईतून दाबून काढतो तिच्यात अडकायचे. जो वीतभर धागा निघाला तो रात्रभर पाण्यात ठेवला, तर सकाळी चमक जवळजवळ गेलेली. ही पूड उघडी असली की पाण्याने विघटित होते, आणि आमच्या पद्धतीत धागा घट्ट होतो तोच पाण्यात! तीन आठवडे वाया गेले. मला रडू आलं होतं.

मग सिरियम फ्लोराइडकडे वळले. सिरियम आणि थोडं टर्बियम यांच्या नायट्रेटच्या द्रावणात अमोनियम फ्लोराइड सोडलं की पांढरा साका बसतो, तेच टर्बियम मिसळलेलं सिरियम फ्लोराइड. फ्लोराइड विषारी आणि काचेलाही खाणारं, म्हणून प्लास्टिकची भांडी, हातमोजे आणि वाफा ओढून घेणारं फ्यूम हूड. साका वाळवला की त्याचे खडे होतात, ते पुन्हा सुटे होत नाहीत. म्हणून धुऊन ओलाच ठेवला.

सेल्युलोज विरघळवायला द्रावक एनएमएमओ (एन-मिथाइलमॉर्फोलिन-एन-ऑक्साइड), ज्यातून लायोसेल हे लाकडाच्या लगद्याचं कापड निघतं तोच. त्याच्या 50 टक्के द्रावणात हा ओला साका अल्ट्रासॉनिक बाथमध्ये नीट पसरवला, मिक्सरमधून पिंजलेला लाकडाचा लगदा घातला आणि निर्वातात तापवत पाणी काढत गेले. पाणी साधारण 13 टक्क्यांवर आलं की सेल्युलोज विरघळतं आणि मधासारखा दाट, पिवळसर रस होतो. तो क्षण मी कधीच विसरणार नाही. पण तापमान 110 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि लोखंड-तांब्याचा स्पर्शही नको, नाहीतर एनएमएमओ झपाट्याने विघटित होऊन भडका उडू शकतो. ते टाळण्यासाठी थोडं प्रोपिल गॅलेटही घालतात. तेल खवट होऊ नये म्हणून वापरतात तेच. माझ्या मार्गदर्शक मॅडम तर चमचासुद्धा तपासून हातात द्यायच्या.

खरी परीक्षा सुईपाशी. हा रस 75 अंशांच्या आसपास गोठायला लागतो. डिसेंबरची सकाळ, सुई गार, आणि रस आतच थिजला. सिरिंजपासून सुईच्या टोकापर्यंत तापती पट्टी गुंडाळली तेव्हा कुठे धार सलग आली. सोऱ्यातून शेव पडते तशी ती खाली येते, पण पाण्याला टेकण्याआधी बोटभर हवेत ताणली जाते आणि त्या ताणातच धाग्याला बळ येतं. पाण्यात एनएमएमओ निघून जातं आणि सेल्युलोज उरतं.

पहिला चांगला धागा मी नोटा तपासायच्या दिव्याखाली धरला. काहीच नाही. तो दिवा 365 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचा, आणि सिरियम फ्लोराइडला 254 च्या आसपासचा प्रकाश लागतो. विभागातला टीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून पाहण्याच्या चाचणीचा) दिवा आणला, त्यात दोन्ही तरंगलांबी असतात. तरीही अंधार! धागा उडू नये म्हणून मी त्यावर काचपट्टी ठेवली होती. साधी काच 254 चा प्रकाश पार होऊ देत नाही, हे मॅडमच्या लक्षात आलं. पट्टी उचलली आणि बारीक हिरवी रेघ उजळली. सिरियम तो प्रकाश शोषून टर्बियमला देतं आणि टर्बियम 545 नॅनोमीटरच्या आसपास हिरवं चमकतं. आम्ही दोघी गप्प उभ्या होतो. (या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, आम्ही गॉगल घातले होते.)

मग हावेपोटी 5 टक्के कण घातले. चमक वाढली, पण धागा गाठ मारताना तुटायचा. 1 टक्क्याचा धागा बोटाभोवती गुंडाळता येतो. साबणाने दहा वेळा धुऊनही त्याची हिरवी रेघ दिसतेय, आणि आता युरोपियमचा लाल धागा करायला घेतलाय. त्याचा लगदा भिजत ठेवूनच आज घरी आले.