रेषेच्या अलीकडे

आमच्या शेजारी एक ओहायोचे गृहस्थ राहतात. वर्षाचे ३६४ दिवस अतिशय सज्जन. बर्फ पडला की स्वतःच्या दारापुढचा उपसून झाल्यावर आमच्याही दारापुढचा उपसून टाकतात, तेही न सांगता. पण थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी ते दारात लाल-करडा झेंडा लावतात आणि माझ्याकडे बघून जे हसतात, ते मला २०१६ पासून सहन होत नाही.

त्या शनिवारच्या मॅचला इकडे मिशिगनमध्ये नुसतं ‘द गेम’ म्हणतात. कुठली गेम, असं विचारायचं नसतं. मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट, दोन विद्यापीठांमधली अमेरिकन फुटबॉलची मॅच, १८९७ पासून. तिकडे कोलंबसमध्ये, ओहायो स्टेटच्या गावी, त्या आठवड्यात विद्यापीठाच्या पाट्यांवरचं प्रत्येक ‘एम’ अक्षर लाल टेपनं फुली मारून झाकतात. वैर खेळापेक्षाही जुनं आहे. १८३५ साली टोलेडोच्या पट्ट्यावरून ओहायो आणि तेव्हा अजून राज्य न झालेलं मिशिगन आपापली फौज घेऊन समोरासमोर उभे राहिले होते, कारण मोजणीदारांनी आखलेल्या दोन सीमारेषा जुळत नव्हत्या. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनला बदल्यात उत्तरेकडच्या द्वीपकल्पाचा मोठा तुकडा मिळाला. मी सांगलीचा. सीमाप्रश्न म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

कॉलेजची मॅच म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मैदानाच्या कडेला बसलेली चाळीस पोरं आणि एक चहावाला येत असेल, तर तो विचार सोडा. मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बर गावातल्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. म्हणजे तीन वानखेडे आणि वर थोडी माणसं उभी. खेळणारी मुलं मात्र एकोणीस-वीस वर्षांची.

२०१६ साली आमची लेक तिथे पहिल्या वर्षाला होती. फी आम्ही भरतो म्हणजे संघही आमचाच, असा माझा साधा हिशेब. अण्णा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आलेले. २६ नोव्हेंबरला दुपारी बाराची मॅच, आमच्या बैठकीत पाच मराठी कुटुंबं, टेबलावर मिसळ. मिशिगन देशात तिसऱ्या क्रमांकावर, ओहायो स्टेट दुसऱ्या. मैदान त्यांचं.

नियम थोडक्यात सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार प्रयत्न. दहा यार्ड म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या निम्म्याला थोडं कमी. खेळाडू पडला की बॉलचं सगळ्यांत पुढचं टोक जिथे होतं ती जागा धरायची. आता गंमत बघा. ती जागा ठरवतो कोण? कडेनं धावत येणारा पंच. आठ-दहा धिप्पाड पोरं एकमेकांवर पडलेली, बॉल कुणाच्या तरी पोटाखाली, आणि हा लांबून बघून अंदाजानं पाय रोवतो की इथे. मग संशय असेल तर दोन काठ्यांना बांधलेली बरोब्बर दहा यार्डांची साखळी आणतात आणि इंचाइंचाचं माप घेतात. जागा नजरेनं धरायची आणि माप साखळीनं घ्यायचं. सोनाराच्या काट्यावर मुठीनं धान्य टाकावं, तसा प्रकार.

तर, तिसऱ्या सत्रात आम्ही १७-७ नं पुढे. मिसळीवर दुसरी तर्री पडली. मग हळूहळू सगळं निसटत गेलं आणि अगदी शेवटचा एक सेकंद उरला असताना त्यांनी किक मारून १७-१७ केलं. या दोन संघांच्या इतिहासात पहिल्यांदाच जादा वेळ. पहिल्या फेरीत २४-२४. दुसऱ्या फेरीत आम्हाला फक्त किकचे तीन गुण मिळाले, २७-२४. आता ओहायोची पाळी. जादा वेळेत सुरुवात गोलरेषेपासून २५ यार्डांवरच्या रेषेवरून होते, म्हणजे त्यांना १५ च्या रेषेला पोचायचं होतं. तीन प्रयत्नांत ते १६ पर्यंत आले. उरला एक प्रयत्न आणि एक यार्ड. किक मारून बरोबरी करता आली असती, पण ती त्यांनी मारली नाही.

त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, जे. टी. बॅरेट बॉल घेऊन स्वतःच डावीकडे घुसला, आपल्याच गड्याच्या पाठीवर आदळला, आमच्या पोरानं त्याला तिथेच धरलं. पंचानं जागा दिली १५ ची. रीप्ले बघितला. निर्णय कायम. इथे एक बारकावा आहे, तो डीआरएस बघणाऱ्यांना लगेच कळेल. ‘निर्णय बरोबर आहे’ आणि ‘निर्णय कायम राहतो’ या दोन वेगळ्या घोषणा असतात. दुसरीचा अर्थ, बदलण्याइतका पुरावा मिळाला नाही. आपल्या ‘अंपायर्स कॉल’ची चुलत बहीण. म्हणजे पंचानं अर्धा यार्ड मागे जागा दिली असती, तर कदाचित तीही कायमच राहिली असती!

पुढच्याच चालीत त्यांचा कर्टिस सॅम्युअल पंधरा यार्ड धावत थेट गोलरेषेपार गेला. ३०-२७. खेळ खलास.

आमच्या घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. आयटीत मॅनेजर असलेल्या एका शांत माणसानं सोफ्याची उशी फेकली, ती कटाच्या पातेल्यात. वसतिगृहातून लेकीचा फोन, रडत. आमचे कोच जिम हार्बॉ मॅचनंतर पंचांच्या कामगिरीवर इतकं कडवट बोलले की बिग टेन संघटनेनं, म्हणजे दोन्ही संघ ज्यात खेळतात त्या विद्यापीठांच्या संघटनेनं, आमच्या विद्यापीठाला १०,००० डॉलर दंड केला. आमच्यावर सात पेनल्टी आणि त्यांच्यावर दोन, हा हिशेब मिशिगनमधली शाळकरी पोरंसुद्धा अजून तोंडपाठ म्हणून दाखवतात.

आमच्या संघानं त्या दिवशी तीन वेळा बॉल त्यांच्या हातात दिला होता, हे मात्र कुणी म्हणून दाखवत नाही. एका चुकीवर तर त्यांनी थेट टचडाउन केला, म्हणजे बॉल गोलरेषेपार नेला, आणि दुसरी झाली तेव्हा आम्ही त्यांच्या गोलरेषेपासून एका यार्डावर होतो. मीही म्हणत नाही. ते यार्ड आमचं आम्ही घालवलं. बॅरेटचं यार्ड दुसऱ्यानं दिलं, म्हणून तेच लक्षात राहतं.

याहून भयंकर निर्णय झालेत, नाही असं नाही. १९९० मध्ये मिझुरीविरुद्ध कोलोरॅडोला पंचांनी मोजणी चुकून चारऐवजी पाच प्रयत्न दिले. पाचव्यावर ते ३३-३१ जिंकले आणि त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाचे वाटेकरीही झाले. पंच निलंबित झाले, निकाल तसाच राहिला. त्याच्या पन्नास वर्षं आधी, १९४० मध्ये, कॉर्नेल असंच पाचव्या प्रयत्नावर डार्टमथविरुद्ध जिंकलं होतं. त्यांनी मॅचची फिल्म बघितली, चूक दिसली, आणि तार करून विजय डार्टमथला देऊन टाकला. ही गोष्ट मी एकदा शेजाऱ्यांना मुद्दाम ऐकवली. ते म्हणाले, छान लोक होते.

सगळे तावातावानं बोलत असताना अण्णा गप्प होते. अण्णा शाळेत पी.टी.चे मास्तर आणि पंचवीस वर्षं कबड्डीचे पंच. एका जत्रेच्या सामन्यात त्यांनी चढाईवाल्याला बोनस दिला नाही, तर गावकऱ्यांनी एस.टी. स्टँडपर्यंत पाठलाग केला होता. त्यांना मॅचमधलं फारसं काही कळलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, “पंच कुठं उभा होता रे?”

“कडेला. का?”

“आणि मधे किती माणसं?”

हल्ली व्यावसायिक सामन्यांत, म्हणजे एनएफएलमध्ये, २०२५ पासून साखळी नुसती राखीव राहिली आणि माप घ्यायला कॅमेरे आले. हॉक-आयच, आपल्या क्रिकेटमधलं. मला वाटलं, चला, सुटला प्रश्न. पण बॉल ठेवायची जागा अजूनही पंचच ठरवतो, कॅमेरे फक्त तिथून पुढचं अंतर मोजतात. फोनवर अण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ हसत होते.

त्या मॅचच्या दिवशी पाहुणे गेल्यावर अण्णांनी मला बैठकीच्या दाराशी उभं केलं. गालिच्यावर एक दोरी टाकली. मग ७४ वर्षांचा तो माणूस कुशनला पोटाशी धरून धाडकन गालिच्यावर पालथा झाला आणि त्यांनी माझ्या दोन्ही भाच्यांना स्वतःच्या अंगावर पडायला सांगितलं. सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, “अण्णा, कंबर!”

“थांब गं,” खालून आवाज आला. “सांग आता, कुशन रेषेच्या अलीकडं आहे का पलीकडं?”

मला एक कोपर आणि चार पाय दिसत होते.

“अलीकडे,” मी म्हणालो. “अण्णा, तुम्ही काहीही करा, अलीकडेच होतं.”