पान १३५

नाण्यांवरची जुनी पुस्तकं तपासायची आणि लिलावाच्या यादीत त्यांची नोंद करायची, हे न्यू जर्सीतलं माझं काम. मार्चमध्ये एका दिवंगत संग्राहकाच्या घरून दोन खोकी आली. वारसांनी जोडलेल्या यादीत दोन ओळींखाली लाल रेघ होती: ‘१९४७चं रेड बुक, पहिली छपाई’ आणि ‘१९५०चं हरवलं आहे’. रेड बुक म्हणजे अमेरिकी नाण्यांचे भाव देणारं मार्गदर्शक पुस्तक. दोन्ही ओळी चुकीच्या निघाल्या.

१९५०चा निकाल लगेच लागला. ते साल छापलेलं रेड बुक निघालंच नाही. तिसरी आवृत्ती १९४९ची आणि चौथीवर थेट १९५१-५२. संच पुरा करण्याच्या नादात या न छापलेल्या पुस्तकासाठी दुकानं पालथी घालणारे भेटतातच.

१९४७च्या प्रतीला मात्र वेळ दिला. आर. एस. योमन यांचं हे पुस्तक विस्कॉन्सिनमधल्या रॅसीनच्या व्हिटमन कंपनीनं काढलं. पुठ्ठ्यावर १९४७ असलं तरी विक्रीला आलं नोव्हेंबर १९४६मध्ये, दीड डॉलरला. म्हणजे आतल्या किमती पुठ्ठ्यावरच्या सालाहून जुन्या. पहिल्या ९,००० प्रती खपल्यावर आणखी ९,००० छापल्या. लाल पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरं दोन्हींना सारखीच, त्यामुळे बाहेरून ओळखू येत नाही. ओळखायची जागा एकच, पान १३५. चांदीच्या डॉलरविषयीच्या मजकुरात एक नाणं दुर्मीळ का, ते सांगितलंय. पहिल्या छपाईत ते वाक्य ‘धिस डेट’वर संपतं. पण हे साल म्हणजे कुठलं? वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा, म्हणून दुसऱ्या छपाईत तिथे ‘१९०३ ओ’ (साल आणि टांकसाळीचं अक्षर) घातलं.

पुस्तक टेबलावर सपाट उघडायचं नाही. दोन्ही पुठ्ठ्यांखाली फोमचे ठोकळे ठेवून काटकोनाइतकंच उघडायचं. जास्त ताणलं की आतला सांधा फाटतो आणि किंमत तिथेच घसरते. या प्रतीचा मागचा सांधा आधीच सैल होता. भिंगाखाली ओळीचा शेवट वाचला: ‘१९०३ ओ’. दुसरी छपाई. त्याच ओळीच्या समासात बारीक पेन्सिलीनं ‘१५००’ लिहून आडवी रेघ मारलेली होती, आणि खाली ‘नोव्हें. ६२’.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे तीन शब्दांचं पत्र पुरतं. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीत १९०३ साली या चांदीच्या डॉलरची ४४,५०,००० नाणी पाडली होती. मागच्या बाजूला पुष्पचक्राच्या गाठीखाली ‘ओ’ ही तिची खूण. १९१८च्या पिटमन कायद्याखाली सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले, त्यातच हीही गेली असा सगळ्यांचा समज होता. त्यामुळे न वापरलेल्या नाण्याचा छापील भाव चढत १,५०० डॉलरवर पोचला. मग १९६२च्या शेवटी फिलाडेल्फिया टांकसाळीच्या तिजोरीतून सीलबंद पोती बाहेर आली. त्यांत हेच डॉलर निघाले. भाव दोन आकड्यांवर आला. छापणाऱ्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. पोती कुणी मोजलीच नव्हती.

खोक्यातली बाकीची पुस्तकं पाहताना ‘भाव कुणाचा?’ हे आधी विचारावं लागतं. व्हिटमनचंच ब्लू बुक १९४२पासूनचं. त्यात व्यापारी ज्या भावानं घेतो तो भाव आहे, रेड बुकात तो विकतो तो. वारसांनी दोन्हींतले आकडे एकाच रकान्यात भरले होते, त्यामुळे त्यांची बेरीज काहीच सांगत नव्हती. वेट रेमंड यांच्या कॅटलॉगच्या (१९३४ ते १९५७) चार आवृत्त्या होत्या. रेड बुकाआधी गंभीर संग्राहकाचा आधार तोच. टेक्सासचे नाण्यांचे व्यापारी बी. मॅक्स मेल यांची पुस्तिकाही सापडली. त्यांनी १९१३च्या लिबर्टी निकेलला, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याला, ५० डॉलर देऊ केले होते. अशी नाणी आहेत फक्त पाच! ती आपल्याकडे यायची नाहीत हे ओळखून केलेली जाहिरात होती ती, पण तिच्यामुळे अर्ध्या अमेरिकेनं खिशातली चिल्लर उलटी करून पाहिली. मला तरी ती लबाडी आवडते.

जुन्या पुस्तकातला नाण्याचा दर्जा आजच्या श्रेणीत बसवायलाही जाऊ नये. नाण्याची स्थिती आकड्यात सांगणारी १ ते ७०ची शेल्डन मोजपट्टी आली १९४९ साली. १९४७च्या ‘अनसर्क्युलेटेड’ (न वापरलेलं) रकान्यात आजची ६० आणि ६५ एकत्र बसलेली आहेत.

संध्याकाळी वारसांना फोन केला. पहिली छपाई नाही म्हटल्यावर आवाज पडला. “पेन्सिलची खूण तरी पुसून द्या, पुस्तक स्वच्छ दिसेल,” असं म्हणाले. मी नको म्हटलं. खोडरबरानं कागदाचा वरचा थर उठतो आणि तिरप्या उजेडात ती जागा चमकते. खूण जाते, डाग राहतो.

नोंद अशी गेली: ‘१९४७, पहिली आवृत्ती, दुसरी छपाई, पान १३५ तपासले. मागचा सांधा सैल. त्याच पानावर समासात पेन्सिलची नोंद, १५००, खोडलेली, नोव्हें. ६२.’