तुम्ही विचारलंत म्हणून: वाशिष्ठीचा बर्फ

मे महिन्यात पुण्याहून पाहुणे आले की चिपळूणला बहादूरशेख नाक्याच्या पुलावर गाडी थांबवायला लावतात आणि हमखास विचारतात, "वाटेतल्या नद्यांत नुसते दगड होते. मग वाशिष्ठीला एवढं पाणी कुठून? वर हिमालयासारखा बर्फ आहे की काय?"

विचारतात थट्टेनं, पण प्रश्न खरा आहे.

कोकणातली नदी पावसाची. सह्याद्रीच्या कड्यावरून निघायचं, धावत सुटायचं आणि जेमतेम दिवसाभरात समुद्र गाठायचा. पाणी साठवायला तिला ना वेळ, ना जागा. कातळ पाणी पितो, पण राखून ठेवत नाही. शिमगा उलटला की पऱ्ये, म्हणजे आमचे छोटे ओढे, आटतात, डोहांत काय उरेल ते उरतं. गंगेचं तसं नाही. गोमुखाची हिमनदी आणि हिवाळ्यात पडलेला बर्फ नेमके ऊन तापल्यावर पाणी सोडतात.

गंगोत्रीच्या वाटेवर एका वाटाड्यानं बजावलं होतं, ओढा ओलांडायचा तो सकाळीच, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. मला हसूच आलं. आमची नदीही वेळ बघूनच चढते. तिथे उन्हावर, इथे विजेच्या मागणीवर.

कारण वाशिष्ठीचं उन्हाळ्यातलं पाणी बहुतेक कोयनेचं. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, कराडला कृष्णेला मिळते आणि पूर्वेच्या समुद्राकडे जाते. निदान जायची. धरण झाल्यावर तिचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरलं. पोफळीच्या भूमिगत वीजघरात १९६२ पासून त्यावर वीज होते. मग ते कोळकेवाडीच्या धरणात येतं, पायथ्याशी पुन्हा वीज करतं आणि कालव्यानं वाशिष्ठीत उतरतं. आम्ही त्याला अवजल म्हणतो, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडून दिलेलं पाणी. नाव तसं अन्यायाचंच, कारण आमचा उन्हाळा त्यावरच निघतो. पश्चिमेला किती वळवायचं यालाही कृष्णा पाणीवाटप लवादानं मर्यादा घातली आहे, वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). तेव्हा आमचा बर्फ म्हणजे कोयनेचा शिवसागर जलाशय.

वीजघर बंद असलं की नदी खाली जाते, तळाचे गोटे दिसू लागतात. सुरू झालं की काही तासांत तेच गोटे गायब. खाली गोवळकोटला खाडीची भरती-ओहोटी, वर हे माणसाचं वेळापत्रक. पात्राकडे नुसतं बघून कुठलं पाणी चढतंय ते जुन्या माणसांनाच कळतं. पावसाळ्यात मात्र वेळापत्रक कुणाचंच चालत नाही. २२ जुलै २०२१ ला पाऊस आणि भरती एकत्र आले आणि अख्खी बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याची खूण आमच्या भिंतीवर अजून आहे.

एवढं ऐकून गेल्या उन्हाळ्यात एक पाहुणे म्हणाले, "म्हणजे आम्ही रात्री एसी लावला की तुमची नदी भरते?"

"थोडीफार," म्हटलं. "पण बिल तुम्हीच भरा."