तुम्ही विचारलंत म्हणून: तो हिरवा येतो कुठून?

माझ्या कामाच्या खोलीला खिडकी नाही. भिंती राखाडी आहेत, त्याही मुद्दाम. दुसरा कुठलाही रंग आजूबाजूला असला की पडद्यावरच्या रंगाबद्दल डोळे खोटं बोलायला लागतात. मी कलरिस्ट आहे, म्हणजे शूटिंग आणि एडिटिंग उरकून आलेल्या सिनेमावर रंगाचा शेवटचा हात फिरवणारी. मागच्या सोफ्यावर दिग्दर्शक बसतो, चहा येतो, आणि दहाव्या-पंधराव्या मिनिटाला माझ्या खांद्यावरून एक मोबाइल पुढे सरकतो. "ताई, हा लूक जमेल का?"

मोबाइलवर बहुतेक वेळा तीच असते. लाल भिंतीपुढे उभी, काळेभोर आखूड केस, टपोरे डोळे, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू. अमेली, त्याच नावाच्या फ्रेंच सिनेमाची नायिका. गेल्या वीस वर्षांत जाहिरातवाल्यांनी, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी, पहिलीच शॉर्ट फिल्म करणाऱ्या पोरापोरींनी हे एकच चित्र मला दाखवलंय. प्रश्न तोच: तो हिरवा-सोनेरी रंग येतो कुठून, आणि आमच्या सिनेमाला तो देता येईल का? दर वेळी तुकड्या-तुकड्यात उत्तर देऊन कंटाळले, म्हणून आज सलग लिहिते.

आधी एक कबुली. हा सिनेमा मी पहिल्यांदा शत्रू म्हणून पाहिला. 2002च्या ऑस्करला परभाषिक चित्रपटांच्या यादीत आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' होता, आणि त्याच पाचांत ज्याँ-पिएर ज्यूनेचा हा 'अमेली' होता. मी तेव्हा फिल्म धुऊन तिच्या प्रिंट काढणाऱ्या एका लॅबमध्ये उमेदवारी करत होते. त्या दिवशी सकाळी आम्ही सगळे टीव्हीला चिकटून बसलो होतो. बक्षीस दोघांनाही मिळालं नाही, बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड'ला मिळालं. पुढे एका मित्राकडे 'अमेली'ची सीडी मिळाली, तेव्हा यात असं काय आहे ते बघूच, अशा खुन्नसनेच बसले. पंधरा मिनिटांत खुन्नस गेली आणि त्या जागी व्यवसायातली असूया आली. हे केलं कसं?

गोष्ट म्हटली तर एवढीशी. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर एका कॅफेत वाढण्याचं काम करणारी एकटी मुलगी. 31 ऑगस्ट 1997ला टीव्हीवर डायनाच्या मृत्यूची बातमी लागते, तिच्या हातातून अत्तराच्या बाटलीचं बूच सुटतं, घरंगळत जाऊन भिंतीच्या तळाशी असलेल्या फरशीवर आपटतं. फरशी हलते आणि तिच्यामागे कुणा मुलाने चाळीसेक वर्षांपूर्वी लपवलेला खेळण्यांचा पत्र्याचा डबा सापडतो. डबा ती मालकाला गुपचूप पोचवते आणि मग लोकांच्या आयुष्यात गुपचूप ढवळाढवळ करणं हेच तिचं व्रत होऊन बसतं. स्वतःच्या प्रेमाची वेळ येते तेव्हा मात्र पाय लटपटतात.

आता रंग. लॅबच्या काळात प्रिंट काढताना आमच्या हातात तीन दिवे असायचे: लाल, हिरवा, निळा. त्यांचं प्रमाण बदललं की अख्खी फ्रेम बदलायची. हिरवा वाढवला की भिंत हिरवी, आकाश हिरवं आणि नायिकेचा गालही हिरवा. 'अमेली' 2001चा. निगेटिव्ह स्कॅन करून अख्खा सिनेमा संगणकात घ्यायचा आणि रंग तिथे ठरवायचा, ही पद्धत अंगावर घेणाऱ्या युरोपातल्या पहिल्या काही सिनेमांपैकी तो एक. संगणकात गाल वेगळा काढता येतो, पडदा वेगळा, आभाळ वेगळं. त्यामुळे सगळ्यांचा समज असा की ती जादू संगणकाची.

मलाही तसंच वाटायचं. एक तरुण दिग्दर्शक डोंबिवलीतल्या मावशीच्या घरात शूट करून आला होता. भिंती ऑफ-व्हाइट, वर ट्यूबलाइट, खिडकीला फिका निळा पडदा. "अमेली करू या," म्हणाला. दोन दिवस आम्ही हिरवा टाकला, पिवळा टाकला, लाल खेचून वर आणला. तिसऱ्या दिवशी त्याची आई सहज म्हणून बघायला आली. दोन मिनिटं पडद्याकडे पाहून तिने हळूच विचारलं, "हिला कावीळ झालीय का रे?"

चूक माझीच होती. जे भिंतीवर नव्हतं ते मी बटणांनी काढायला निघाले होते. 'अमेली'त हिरवा आणि लाल कॅमेऱ्यासमोर आधीच होते. कलादिग्दर्शक आलीन बोनेतो यांनी अमेलीची खोली लाल रंगवली, पलंगापासून दिव्यापर्यंत लालाचा परिवार जमवला. छायाचित्रकार ब्रुनो देल्बोनेल यांनी त्यावर सोनेरी उजेड ठेवला. जुआरेज माशादो या ब्राझिलियन चित्रकाराची चित्रं डोळ्यांपुढे ठेवून हा लाल-हिरवा-पिवळा मेळ ठरवला होता. संगणकाने पुढे तो मेळ घट्ट केला, चुकार रंग गप्प केले. फ्रान्समध्ये सेझार पुरस्कार मिळाले त्यात दिग्दर्शन आणि संगीताबरोबर नेपथ्याचाही होता, तो उगाच नाही.

लाल आणि हिरवा एकमेकांना उठाव देतात हे आपल्याला शिकवायला नको; हिरव्या इरकलीचा लाल काठ आठवा. खरी गंमत निळ्याची आहे. या सिनेमातून निळा जवळजवळ हद्दपार आहे, म्हणून जिथे तो ठेवलाय तिथे डोळा अडखळतो. लाल खोलीच्या कोपऱ्यात एक निळा दिवा असतो. एवढासाच. तो झाका आणि बघा, खोलीचा सगळा लाल गुळमट होतो. जेवणात मिठाचा खडा म्हणतात तो हा.

पण रंगावरच थांबलात तर अर्धाच सिनेमा बघितलात. माझ्याकडे येणारा कुणीच भिंगाबद्दल विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. प्रेमकथेत आपल्याकडे काय करतात? लांब पल्ल्याची लेन्स लावतात, चेहरा लख्ख, मागचं सगळं धूसर, दिव्यांचे गोल गोल ठिपके. जगात दोघेच उरले, हा त्याचा अर्थ. ज्यूने नेमकं उलटं करतो. वाइड लेन्स घेऊन चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो. नाक थोडं मोठं होतं, डोळे अजून मोठे होतात, माणूस किंचित व्यंगचित्रासारखा दिसतो, आणि त्याच्या मागची खोली मात्र स्पष्ट राहते. कपाट, दिवा, भिंतीवरची चित्रं, सगळं. या गोष्टीत वस्तू धूसर करून चालणारच नाही, कारण अमेलीचं माणसांशी नातं वस्तूंमधून जुळतं: पत्र्याचा डबा, चोरलेली किल्ली, बापाच्या बागेतला बुटका पुतळा, आणि निनोचा तो अल्बम, ज्यात फोटोबूथपाशी लोकांनी फाडून टाकलेले फोटो जोडून चिकटवले आहेत. ज्या मुलाच्या ती प्रेमात पडते तोही फेकलेल्या वस्तू गोळा करणारा निघावा, हे लेन्सला आधीपासून ठाऊक असल्यासारखं वाटतं.

आणि आवाज. सुरुवातीलाच आंद्रे द्युसोलिए यांचा निवेदक पोलिसी पंचनाम्याच्या सुरात सांगतो: 3 सप्टेंबर 1973, संध्याकाळचे 6 वाजून 28 मिनिटं 32 सेकंद, मिनिटाला 14,670 वेळा पंख फडफडवणारी एक निळी माशी मोंमार्त्रच्या एका रस्त्यावर बसली. त्याच क्षणी वाऱ्याने टेबलक्लॉथ फुगला आणि त्यावरचे पेले कुणाच्या नकळत नाचले. एका म्हाताऱ्याने मित्राच्या अंत्यविधीहून परत येऊन वहीतलं त्याचं नाव खोडलं. आणि अमेलीच्या आईच्या पोटात गर्भ राहिला. इतका काटेकोर हिशेब, तोही कशाचा? माशीचा. परीकथा 'एक आटपाट नगर होतं' असं म्हणून सुरू होते, तारीख-वेळ सांगत नाही. इथे सेकंदापर्यंत वेळ सांगितल्यामुळे परीकथेवर विश्वास बसतो. मला तर ही या सिनेमातली रंगापेक्षा मोठी युक्ती वाटते.

मग माणसांची ओळख. हा काय करतो, कुठे शिकला, यातलं काही नाही. त्याला काय आवडतं आणि काय आवडत नाही, बस्स. बापाला भिंतीवरचा कागद लांबच लांब सोलायला आवडतो, आणि अवजारांची पेटी रिकामी करून, पुसून, पुन्हा लावायला. अमेलीला धान्याच्या पोत्यात हात खुपसायला आवडतो, क्रेम ब्र्यूले या फ्रेंच कस्टर्डवरचा जळक्या साखरेचा पापुद्रा चमच्याच्या टोकाने फोडायला आवडतो, कालव्याच्या पाण्यावर चपटे दगड उडवायला आवडतं. ही तऱ्हा ज्यूनेने आपल्या 1989च्या एका लघुपटात आधीच वापरून पाहिली होती. प्रत्येक आवडीला दोन-तीन सेकंदांचा शॉट, वस्तू पडदाभर, आवाज कानाशी. तो पापुद्रा फुटल्याचा आवाज माझ्या कानात अजून आहे.

याच यादीत एक जागा अशी आहे की तिथे मी दर वेळी थांबते. अमेली थिएटरमध्ये बसलीय. ती आपल्याकडे वळून सांगते, की तिला अंधारात मागे वळून लोकांचे चेहरे बघायला आवडतात, आणि पडद्यावर इतर कुणाला दिसत नाही ते टिपायला आवडतं. पडद्यावर फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा जुना सिनेमा 'ज्यूल ए जिम' चालू असतो. चुंबनाचा प्रसंग. आणि तिला दिसते मागे सरपटणारी एक माशी. तिच्या जन्माच्या गोष्टीत माशी, तिच्या नजरेतही माशी! त्रुफोच्या पिढीने कॅमेरा खांद्यावर घेऊन पॅरिसच्या रस्त्यावर उतरायचं ठरवलं तेव्हा अशा माश्या फ्रेममध्ये आपसूक यायच्या. ज्यूनेच्या फ्रेममध्ये त्याने सोडल्याशिवाय एकही माशी शिरत नाही. त्या मोकळ्या सिनेमाला या बंदिस्त सिनेमाने केलेला हा नमस्कार आहे की काढलेली खोडी, माझं अजून ठरत नाही.

बंदिस्तपणावरून बोलणीही खावी लागली. सेर्ज कगान्स्की या समीक्षकाने तेव्हाच झोडपलं होतं: हे पॅरिस धुऊन-पुसून, परके चेहरे वगळून तयार केलंय. मोटारी, भिंतींवरची रंगरंगोटी, कचरा संगणकावर काढून टाकला हे खरंच आहे. आणि टेकडीच्या पायथ्याशी आफ्रिकन, अरब वस्तीचा गजबजलेला भाग आहे, तो सिनेमात नाही हेही खरं. हे एका एकट्या मुलीच्या डोक्यातलं शहर आहे, असं चाहते म्हणतात. मलाही बरंचसं पटतं. पण फ्रेममधून वस्तू पुसणं हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे काय पुसलं याची विचारपूस व्हायलाच हवी असंही वाटतं. वाणसामानाच्या दुकानातला ल्युसियँ मोरोक्कन वंशाच्या जमेल देब्बूझने केलाय हे उत्तर म्हणून अपुरं आहे.

संगीतकार यान तिएरसनच्या ॲकॉर्डियन-पियानोबद्दल काही लिहीत नाही. तो आता कुठल्याही कॅफेत, कुठल्याही फोनवर वाजतो, कान विटले.

द्युफायेल मात्र सोडता येत नाही. काचेसारख्या ठिसूळ हाडांचा हा शेजारी वीस वर्षं घराबाहेर पडलेला नाही. दर वर्षी फ्रेंच चित्रकार रन्वारच्या एकाच चित्राची नक्कल करतो, नौकाविहारानंतरची ती जेवणाची पंगत. सगळे जमतात, पाण्याचा ग्लास ओठाशी धरलेली मुलगी तेवढी जमत नाही. ती मधोमध आहे, पण तिथे नाही. तो आणि अमेली त्या मुलीबद्दल बोलत राहतात आणि खुद्द अमेलीबद्दल एक शब्द न काढता सगळं बोलून होतं. सगळी तंत्रं इथे एकत्र येतात. आखणी, रंग, काटेकोर चौकट. आणि त्यातून निसटणारा एक चेहरा.

म्हणून शेवट मला तंत्राच्या दृष्टीनेही आवडतो. दाराबाहेर निनो उभा आहे, आत ही. तुझी हाडं काही काचेची नाहीत, आयुष्याला धडकलीस तरी चालेल, असं म्हातारा तिला व्हिडिओतून सांगतो. दार उघडतं. ती त्याला बोलू देत नाही. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यावर, मानेवर, पापणीवर ओठ टेकवते, आणि मग त्याने कुठे टेकवायचे ते बोटाने दाखवते. जगभरची आकडेवारी ऐकवणारा निवेदक इथे चूप. नंतर तो परत येतो, तारीख सांगतो, तापमान 24 अंश, आर्द्रता 70 टक्के. पण तोवर दोघं मोपेडवर निघालेली असतात, आणि दोन तास रुळावरून चालावा तसा चाललेला कॅमेरा एकदम हिसके खायला लागतो, घरच्या हौशी फिल्मसारखा.

तो डोंबिवलीवाला मुलगा गेल्या वर्षी पुन्हा फोनवर आला. रंगाच्या दुकानात उभा होता, हातात शेडकार्ड. "ताई, या वेळी आधी भिंत रंगवतोय. हिरवा कुठला घेऊ?"

मी विचारलं, "त्या घरात राहणारीला काय आवडतं?"

बराच वेळ मागे दुकानातल्या मशीनची घरघर ऐकू येत राहिली. मग म्हणाला, "बसची जुनी तिकिटं. ती साठवते. पुस्तकात घालून."

"कुठल्या रंगाची?"

"थांबा हं, विचारतो," म्हणाला. कुणाला विचारणार होता कोण जाणे. अजून फोन आलेला नाही.