रॅम्प म्हणू नका, नेपथ्य म्हणा

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, नंतर रागाच्या भरात राहून जाईल. नाट्यगृहाची तारीख घ्यायला जाताना मोजायची टेप सोबत न्या. ‘आमच्याकडे सगळी सोय आहे’ हे वाक्य ऐकलं की टेप बाहेर काढायची.

आमची हौशी संस्था. नवीन नाटकात पोस्टमास्तरचं काम करणारा आमचा नट पोलिओमुळे लहानपणापासून व्हीलचेअरवर आहे. भूमिका बसूनच करायची, खिडकीमागे बसून गावच्या भानगडी ऐकायच्या. त्यामुळे संहितेत एक अक्षरही बदलावं लागलं नाही. दुसऱ्या अंकात तो खिडकीमागून बाहेर येतो तेव्हा प्रेक्षकांना त्याची चाकं पहिल्यांदा दिसतात. दिग्दर्शकाला ही जागा फार आवडली होती. खिडकीपर्यंत तो पोचणार कसा, हे बघायचं काम माझं, कारण संस्थेत निर्मितीची सगळी हमाली माझ्याकडे असते.

नाटकाची संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आलं, अनामत भरली, तारीख मिळाली. मग मी नाट्यगृहाच्या कार्यालयात रॅम्पचं विचारलं.

“आहे की, पुढच्या दाराला,” व्यवस्थापकसाहेब म्हणाले.

“तो प्रेक्षकांसाठी झाला. मला रंगमंचावर जायला हवाय.”

“रंगमंचावर कशाला?”

“नट आहे तो.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “नट?”

त्या एका शब्दानंतर माझे तीन आठवडे गेले. प्रेक्षागृहाच्या जमिनीपासून रंगमंच साडेतीन फूट उंच. शास्त्रशुद्ध उताराला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे बेचाळीस फुटांचा रॅम्प, शिवाय मध्ये विसाव्याला सपाट जागा. अर्ध्या खुर्च्या काढाव्या लागल्या असत्या. विंगेतून जावं तर मेकअप रूमकडून सात पायऱ्या. तरीही जिथे जमेल तिथे तात्पुरता लाकडी रॅम्प स्वखर्चाने लावू द्या, असा साधा अर्ज मी केला.

साधा अर्ज करणं ही माझी चूक. कार्यालयातल्या बाईंनी आवक क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, बांधकाम विभागाचा अभिप्राय लागेल. बांधकाम विभाग म्हणाला, परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा नकाशा आणा. प्लायवूडच्या फळीचा नकाशा! तो आणला तर अग्निशमनचा ना हरकत दाखला. तिथले गृहस्थ बिचारे सज्जन, म्हणाले, “मॅडम, हे आमच्याकडे का पाठवलंय?” तसं लिहून द्या म्हटलं, तर तसं लिहून देता येत नाही म्हणे. मग कुणी पडल्यास नाट्यगृह जबाबदार नाही असं स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. ते दिल्यावर साहेब मूळ मुद्द्यावर आले: सोयी प्रेक्षकांसाठी असतात, कलाकारांसाठी कुठे लिहिलंय?

लिहिलंय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016, कलम 29. दिव्यांग कलाकारांना आणि लेखकांना सुविधा, पाठबळ द्यावं असं त्यात स्पष्ट आहे. याच कायद्याच्या कलम 45 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम व्हायला हव्या होत्या. नियम आले जून 2017 मध्ये, पुढचा हिशेब बोटांवर करा. मी दोन्ही कलमांची प्रिंट नेऊन दिली. बाईंनी ती नीट टाचली आणि फाईल जाड झाली. बाकी काही झालं नाही.

(अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या. मी पहिल्या अर्जाची घेतली नव्हती, तो एकदा ‘सापडत नाही’ होऊन आला.)

मला खरा त्रास फाईलचा झाला नाही. कुणी वाईट वागलं नाही, चहाही पाजला. पण दिव्यांग माणूस म्हणजे पास देऊन शेवटच्या रांगेत बसवायचा पाहुणा, हे प्रत्येक टेबलावर इतकं पक्कं होतं, की तो पडद्याच्या अलीकडचा असू शकतो हे मला दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागे. एकाने तर मोठ्या मायेने विचारलं, “मग त्यांचं काम खाली, रंगमंचासमोरच नाही का बसवता येणार?”

प्रयोगाला नऊ दिवस राहिले असताना मी मागच्या अंगणात डोक्याला हात लावून बसले होते. तिथे बॅकस्टेजचे मामा भेटले. त्या नाट्यगृहात त्यांची हयात गेलेली. सगळं ऐकून म्हणाले, “ताई, मागच्या आठवड्यात दुमजली वाडा उभा केला एका नाटकाने. वर चार माणसं नाचत होती. कुणी नकाशा मागितला?”

मग त्यांनी मला सामान चढवायचा दरवाजा दाखवला, टेम्पो मागे लागतो तो. अंगण त्या बाजूला उंच होत गेलंय. टेप लावली, उंबऱ्यापर्यंत एकवीस इंच. म्हणजे फक्त एकवीस फुटांचा रॅम्प! तीन आठवडे मी पुढून भांडत होते.

त्या रात्री नेपथ्याच्या सामानाची नेहमीची यादी केली: फ्लॅट (म्हणजे नेपथ्याच्या खोट्या भिंती) 9, लेव्हल (लाकडी चौथरे) 5, दरवाजा 1, उतरती लेव्हल 3. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत सही. माझा मूळ अर्ज, माझ्या माहितीप्रमाणे, अजून अभिप्रायासाठी बांधकाम विभागात आहे.

पोस्टमास्तर सुरुवातीलाच म्हणाला होता, “चौघांनी उचलून वगैरे न्यायचं नाही. मला सेटसारखं चढवू नका.” यादी दाखवल्यावर तो इतका हसला की खोकला लागला.

उतरती लेव्हल अशी: सात फुटांचे तीन तुकडे, रुंदी चार फूट, अठरा एमएमचा प्लाय, खाली लाकडी फ्रेम, दोन्ही कडांना दोन इंचांची पट्टी, म्हणजे चाक घसरून बाहेर जात नाही. पहिल्या दिवशी गुळगुळीत रंग दिला होता आणि तालमीत चाक सरकलं. मग रंगात वाळू मिसळून पुन्हा हात मारला. टेम्पो सामान उतरवून हलल्याशिवाय हे तुकडे लागत नाहीत, तेव्हा नटाला त्यानंतरची वेळ द्या. आमचा गडी उन्हात पाऊण तास थांबला.

प्रेक्षकांसाठीचं त्या मानाने अगदी सुरळीत झालं. पर्यटकांचे गाईड वापरतात तसे छोटे रिसीव्हर भाड्याने आणले. प्रकाशाच्या खोलीतून आमची एक मैत्रीण दृष्टिहीन प्रेक्षकांच्या कानात रंगमंचावर काय चाललंय ते सांगत होती. संवादावर बोलायचं नाही, मधल्या फटीतच बोलायचं, त्यामुळे तिला निदान चार तालमी हव्यातच. प्रयोगाआधी अर्धा तास या प्रेक्षकांना रंगमंचावर नेऊन नेपथ्य हाताळायला दिलं. एका आजींनी पोस्टाच्या खिडकीचे गज, तराजू, टपालाचा शिक्का सगळं चाचपलं. प्रयोगात पहिला ठप्पा पडला तेव्हा सगळ्यांच्या आधी त्या हसल्या.

सांकेतिक भाषेच्या दुभाषांना संहिता दोन-तीन आठवडे आधी द्या. दोघं लागतात, कारण एकाच माणसाचे हात दोन अंक टिकत नाहीत. आणि प्रकाशयोजनाकाराला बजावून ठेवा. आमच्याने रात्रीच्या प्रवेशात इतकी सुंदर निळी रात्र केली की दुभाषी दिसेनासाच झाला! तिसऱ्या घंटेला बाहेरचे दिवेही उघडझाप करा, कर्णबधिरांना घंटा ऐकू येत नाही. हे आम्हाला त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं, आपणहून सुचलं नव्हतं.

टेप न्या म्हटलं ते या पुढच्या गोष्टीसाठी. मेकअप रूमच्या स्वच्छतागृहाचं दार चोवीस इंच, आमच्या नटाची खुर्ची सव्वीस. मला रंगीत तालमीच्या दिवशी कळलं. त्याला आधीच माहीत होतं. तो दुपारी दोननंतर पाणीच प्यायला नव्हता आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. प्रयोगाच्या दिवशी त्याच्यासाठी प्रेक्षकांकडचं स्वच्छतागृह मध्यंतरात पाच मिनिटं राखून ठेवलं आणि दारात मी उभी राहिले. यावर याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

प्रयोगानंतर साहेब स्वतः मागे येऊन उतार बघून गेले. म्हणाले, छान झालंय, इथेच ठेवून जाता का, कुणाला तरी उपयोगी पडेल. आनंदाने, म्हटलं. तर म्हणाले, “मग तसा एक अर्ज करा.”

तिन्ही तुकडे सध्या आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली आहेत. कुणाला हवे असतील तर घेऊन जा, टेम्पो तेवढा तुमचा. यादीत काय लिहायचं ते सांगितलंच आहे.