दापोलीला शनिवारी नको, मंगळवारी जा

मुरूड, कर्दे, आंजर्ले या पट्ट्यात खोली तीच, समुद्र तोच. शनिवार-रविवारी आणि नाताळात मात्र भाडं चढतं. सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा मालक घासाघीस ऐकून घेतो. फोन थेट करावा. ॲपवर कमिशन तर असतंच, शिवाय घरगुती निवासाची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असली तरी तिथे जीएसटी लागतो.

खरी बचत जेवणात आहे, आणि फसगतही तिथेच. ‘जेवणासह’ म्हणजे बहुधा शाकाहारी थाळी. सुरमई-पापलेटचे पैसे वेगळे, तेही त्या दिवशीच्या बाजारभावाने. दर आधी विचारावा, नाहीतर बिल बघून घास अडकतो. मोदक हवे असतील तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा. नारळ खवणं, उकड मळणं हे ऐनवेळी कोण करणार? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे पावसाळ्यात खोली स्वस्त पण ताजी मासळी कमी. तेव्हा बिरड्याची उसळ, सोलकढी मागवावी.

एसीचे जादा पैसे, जादा गादी, गरम पाण्याची वेळ, इन्व्हर्टर हे चारही फोनवरच विचारून घ्यावं. एसटीत महिलांना निम्मं तिकीट, वयाच्या 75 वर्षांपुढे प्रवास मोफत. मात्र संध्याकाळी हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव बघायचा तर परतीच्या रिक्षाचं भाडं जातानाच ठरवा. अंधार पडल्यावर रिक्षावाला म्हणेल तो भाव.